हिल्डा बोलते

हिल्डा फोन उचलल्यावर कधी 'हॅलो' म्हणायची नाही. 'हिल्डा बोलते,' म्हणायची आणि थांबायची. मग समोरचाही आपोआप आपलं नाव सांगायचा, आणि तिला तेच हवं असायचं. नाव कळल्याशिवाय ती पुढचं काही ऐकून घेत नसे. एखादा गडबडीत सुरूच झाला, की 'अहो मॅडम, तुमचं ते पान उघडत नाहीये, सकाळपासून गिऱ्हाईकं बोंबलतायत', तर ती त्याला पूर्ण बोलू द्यायची आणि शेवटी शांतपणे विचारायची, 'नाव?'

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खालच्या गाळ्यात बाटल्यांची झाकणं बनायची, त्यामुळे दिवसभर पायाखालून एक बारीक थरथर यायची. नवीन माणसाला ती जाणवायची, आम्हाला नाही. छोट्या दुकानदारांना इंटरनेटवर दुकान थाटून द्यायचं, हा कंपनीचा धंदा. मी मदतीची पानं लिहायचे. कुठलं बटण कुठे आहे आणि ते दाबल्यावर काय होतं, ते सोप्या मराठीत. माझ्या शेजारच्या टेबलावर हिल्डा. तिचं काम नावं जोडण्याचं.

म्हणजे असं. एखाद्या दुकानाने इंटरनेटवर स्वतःचं नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते आधीच घेऊन ठेवलेलं असतं. आमच्याकडे बनवलेलं दुकानही त्याच नावाने उघडावं, अशी त्याची इच्छा असते. मग त्या नावाच्या आधी एखादा शब्द आणि एक टिंब लावायचं. शॉप, टिंब, आणि पुढे त्याचं नाव. हे झालं सबडोमेन. पण नुसतं ठरवून भागत नाही. ज्या कंपनीकडून ते नाव घेतलं, तिच्या साइटवर आत शिरून डीएनएसच्या पानावर एक ओळ भरावी लागते: हा शब्द कोणी टाइप केला, तर त्याला अमुक पत्त्यावर पाठवा. ती ओळ आम्ही भरू शकत नव्हतो. ज्याचं नाव, त्यानेच ती भरायची. दुकानदाराने ते पान जन्मात पाहिलेलं नसे. तिथे त्याची वाट लागायची, आणि मग हिल्डाचा फोन वाजायचा.

ती बोरीवलीच्या एका जुन्या गावठाणातली. घरात बोलायची ती मराठी निराळी होती. दुपारी गोराईच्या बहिणीचा फोन आला की तोंडातून एकदम दुसरीच भाषा सुरू व्हायची, खाऱ्या हवेतली, भरभर, आम्हाला अर्धी कळायची. फोन ठेवला की पुन्हा ऑफिसची मराठी. वय पन्नाशीच्या पुढचं. अंगाने बारीक, केस आखूड कापलेले, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. ऑफिसातली पोरं पहिल्या दिवशी तिला 'आंटी' म्हणायची. त्यांना ती एकदाच सांगायची, 'मला नाव आहे. हिल्डा.' दुसऱ्यांदा 'आंटी' म्हटलेल्याला ओ देत नसे. मला वाटलं होतं हे वयाबद्दलचं आहे. तसं नव्हतं. चहा घेऊन येणाऱ्या बाईंना बाकी सगळे 'मावशी' म्हणत, तेही तिला चालायचं नाही. ती त्यांना 'सुमन' म्हणायची.

आमच्याकडे यायच्या आधी ती अंधेरीच्या एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. बोर्डासमोर बसून कॉल जोडायची. पुढे तिथे मशीन आलं, 'एक दाबा, दोन दाबा' सुरू झालं आणि बोर्ड निघाला. त्या नोकरीबद्दल ती फारसं बोलत नसे, पण तिच्या सवयी त्या बोर्डाच्याच होत्या. फोन ती कधी आधी ठेवायची नाही. समोरच्याने ठेवला, त्याचा खट आवाज आला, की मग ठेवायची. कितीतरी लोक बोलणं संपल्यावर फोन तसाच टेबलावर टाकत आणि घरातली भांडणं करत. ही ऐकत बसायची. मी म्हटलं, 'अगं कट कर ना.' तर म्हणाली, 'पेशंटचा नातेवाईक पुष्कळदा बाय म्हटल्यावर खरं काय ते विचारतो. ठेवायचा नाही.'

दुसरी सवय अक्षरांची. भरायची ती ओळ इंग्रजी अक्षरांची, लांबलचक आणि अर्थ नसलेली. ती फोनवरून सांगायची तर बी आणि डीचा, एम आणि एनचा घोळ हमखास. हिल्डा स्टेशनं वापरायची. बी बोरीवलीचा, एम मुलुंडचा, डी दिंडोशीचा, जी घाटकोपरचा. दिंडोशीला स्टेशन नाही, असं कोणी म्हटलं तर म्हणायची, 'मेट्रोचं आहे.' एकदा एका किराणावाल्याने विचारलं, 'आणि क्यू कुठला?' ती म्हणाली, 'क्यू कुठलाच नाही. रेशनच्या रांगेतला.' तो हसला, ती हसली नाही. पुढचं अक्षर सांगितलं.

ओळ भरून झाली की तिचं एक वाक्य ठरलेलं असे: 'आता हात लावायचा नाही.' कारण अशी ओळ भरल्यावर ती जगभर पोचायला वेळ लागतो. कधी दहा मिनिटं, कधी दुसरा दिवस उजाडतो. तेवढा धीर कुणाला नसतो. माणूस पान उघडून बघतो, दिसत नाही, मग ओळ पुसतो, दुसरी भरतो, तिच्यात चूक करतो, पुन्हा पुसतो. हिल्डा त्याला दम द्यायची. 'तुम्ही जेवलात का? जेवून या. जेवलात? मग दुकानाबाहेर एक चक्कर मारा.' एका चष्मेवाल्याला तिने सांगितलं होतं की आत्ता तुम्ही पुन्हा तिथे बोट लावलंत तर मी तुमचं काम दुसऱ्याला देईन. दुसरं कोणीच नव्हतं. त्याने बोट लावलं नाही.

हे वाचून ती फार हुशार होती असं वाटेल. तशी नव्हती. तिला ठरलेली कामं उत्तम यायची. त्यापलीकडचं ती आमच्या इंजिनियर मुलांना विचारायची आणि उत्तर नीट न ऐकता 'हो हो' म्हणायची. हट्टी होती. एकदा एखादी गोष्ट 'उगाच आहे' असं तिने ठरवलं, की ती उगाच. त्यातूनच ते घाटकोपरचं प्रकरण झालं.

घाटकोपरला रक्त तपासणारी एक लॅब होती, डॉक्टर बाई स्वतः चालवायच्या. त्यांना तपासणीची वेळ ठरवायला आमच्याकडून एक पान हवं होतं, त्यांच्याच नावाखाली. लॅबमधल्या मुलीने डीएनएसचं पान उघडलं, तर त्यात जुन्या ओळींचा ढीग. कोण भरून गेलं, कधी, कशासाठी, कुणालाच माहीत नाही. हिल्डाला अडगळ सहन होत नसे. तिने आपली ओळ भरून घेतली आणि मग म्हणाली, 'ती खालची उगाच आहे. काढून टाक.' मुलीने काढली.

ती ओळ ईमेलची होती. लॅबला येणारं प्रत्येक पत्र त्या ओळीने आत यायचं. संध्याकाळपासून लॅबला एकही ईमेल आला नाही, आणि ईमेल आला नाही हे लगेच कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एका सर्जनने फोन करून डॉक्टर बाईंना झापलं. त्याने रात्रीच लिहिलं होतं की ऑपरेशनच्या आधी अमुक तपासणी पुन्हा करून हवी. ते पत्र पोचलंच नव्हतं. ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं.

ओळ परत भरायला दोन मिनिटं लागली. आमचा मालक निमिष, वय तिशीच्या आसपास, माणूस वाईट नाही पण घाबरट, तो म्हणाला, 'आपण सांगू की सर्व्हरच्या बाजूने प्रॉब्लेम होता. कुणालाही होतो.' हिल्डाने चष्मा गळ्यातून काढून पर्समध्ये टाकला आणि ती उठली.

'कुठे चाललीस?' निमिषने विचारलं.

'घाटकोपर.'

'फोन कर ना. जायची काय गरज आहे?'

'फोनवर मी काढायला लावली. फोनवर सॉरी म्हणू?'

तिथे काय झालं ते तिने मला दुसऱ्या दिवशी डबा खाताना सांगितलं. स्वयंपाक कसा केला हे सांगावं तशा आवाजात. डॉक्टर बाई पेशंटमध्ये होत्या, म्हणून ही बाहेर बाकावर बसून राहिली, रक्त द्यायला आलेल्या लोकांमध्ये. आतून दुसऱ्याच एका मुलीने विचारलं, कुठली टेस्ट? ही म्हणाली, टेस्ट नाही, माझ्याकडून चूक झाली ती सांगायला आले. मग डॉक्टर बाईंनी आत घेतलं. हिने सांगितलं की ती ओळ तुमच्या मुलीने काढली नाही, मी काढायला लावली, तिला काही बोलू नका. डॉक्टर बाईंनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला. मग म्हणाल्या, 'मी तिला दुपारीच काढून टाकलं. आता परत बोलावते.'

'आणि पेशंट?' मी विचारलं.

'नाव मागितलं. दिलं नाही त्यांनी. बरोबर आहे त्यांचं.' तिने पर्समधून छोटी बाटली काढली. घरचा लाल मसाला ती नेहमी जवळ ठेवायची आणि कॅन्टीनच्या कुठल्याही पदार्थावर टाकायची. 'ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात ना ग,' ती म्हणाली. 'कोणीतरी दोनदा उपाशी राहिलं.'

त्यानंतर 'उगाच आहे' हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही. हट्ट मात्र होता तसाच राहिला.

शैला आणि विनायक यांची गोष्ट याच्या पुढच्या वर्षीची. भाऊ-बहीण. मुलुंडला त्यांच्या वडिलांचं हार्मोनियम बनवायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं. वडील गेले, दुकान विनायककडे राहिलं, आणि वाटणीवरून दोघांचं जे बिनसलं ते इतकं, की शैला दिंडोशीला सासरी होती ती पुन्हा मुलुंडला गेली नाही. विनायकने लग्न केलं नव्हतं. शैलाला वडिलांनी भाता शिवायला शिकवलं होतं. हार्मोनियमच्या मागचा, हवा भरणारा तो घडीचा भाग. त्याचं चामडं आणि कापड चिकटवणं हे नाजूक काम आहे आणि ते तिच्याइतकं चांगलं करणारे थोडेच उरले होते. गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांना ती भाते पुरवायची. आता तिला ते इंटरनेटवर विकायचे होते, वडिलांच्या नावाने. पण ते नाव विनायकने कधीच नोंदवून घेतलेलं होतं, त्याच्या स्वतःच्या साइटसाठी. म्हणजे आमची ती एक ओळ भरायला विनायकच लागणार होता.

'तुम्ही करा ना त्याला फोन,' शैला हिल्डाला म्हणाली. 'माझा उचलणार नाही.'

हिल्डाने केला. तिचं बोलणं मी ऐकत होते. विनायकचा आवाज मोठा होता, त्यामुळे त्याचंही ऐकू येत होतं.

'माझ्या नावाखाली तिचं दुकान?' तो म्हणाला.

'खाली नाही, सर. आधी. टिंबाच्या डावीकडे तिचा शब्द, उजवीकडे तुमचं नाव आहे तसं.'

'माझं नाव नाही ते. आबांचं आहे.'

'मग तिच्याही आबांचं आहे.'

त्याने तो मुद्दा सोडला. मग म्हणाला, 'शॉप लिहायचं म्हणते का ती? म्हणजे लोकांना वाटणार खरं दुकान तिचंच.'

'मग शॉप नको. दुसरा शब्द सांगा.'

'मी का सांगू?'

'ओळ तुम्हीच भरणार आहात. मी फक्त अक्षरं सांगणार.'

फोन ठेवला गेला, अर्थात त्याच्याकडून. पण दोन दिवसांनी त्याचाच आला. 'भाता,' तो म्हणाला. 'नुसतं भाता. ती तेच करते.' हिल्डाने शैलाला विचारलं. शैला म्हणाली, 'त्याने सुचवलं?' आणि मग, 'चालेल.'

ओळ भरायच्या आधी शैलाने फोनवर एक प्रश्न विचारला. विनायक उद्या रागावला तर ही ओळ काढू शकतो का? निमिषने हिल्डाला खुणेने सांगितलं, काहीतरी गोल बोल, गिऱ्हाईक जाईल. हिल्डा म्हणाली, 'हो. कधीही. तुम्हाला न विचारता. आम्ही काही करू शकणार नाही.' निमिषने कपाळाला हात लावला. 'मला माहीत होतं,' शैला म्हणाली. 'तुम्ही काय सांगता ते बघत होते. भरून घ्या.'

दुकान चाललं. शैलाचे भाते कोल्हापूर, नागपूर, गोव्यापर्यंत जायला लागले. भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नव्हते ते नव्हतेच. काही अडलं की दोघंही हिल्डाला फोन करायचे. विनायकचा स्वभाव काटेकोर. डोमेनचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, ते तो मुदतीच्या कितीतरी आधी करायचा आणि हिल्डाला फोन करून कळवायचा. 'केलं हो मी. तिच्या दुकानाला काही व्हायचं नाही.' शैलाला सांगा, असं तो म्हणत नसे. हिल्डाही शैलाला सांगत नसे. मी एकदा म्हटलं, सांग की, बरं वाटेल तिला. ती म्हणाली, 'त्याने मला सांगितलंय.'

मग एका सकाळी शैलाचा फोन आला. तिचं दुकान उघडत नव्हतं. त्या जागी कुठलंसं जाहिरातीचं पान येत होतं.

'काढलंच शेवटी त्याने,' ती म्हणाली. आवाज रडका नव्हता. दगडासारखा होता. 'ऐन सीझनला. गणपती तोंडावर आलेत, भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्तीला निघतात, हे त्याला चांगलं माहीत आहे.'

हिल्डाने बघितलं. भाता उघडत नव्हतं. मग तिने नुसतं नाव टाइप केलं, डावीकडचा शब्द न लावता. विनायकची स्वतःची साइटही उघडत नव्हती. तेच जाहिरातीचं पान.

'शैला, त्यांनी काढलं नाही,' ती म्हणाली. 'त्यांचंही बंद आहे. नावाची मुदत संपलीये.'

'म्हणजे विसरला?'

दुसऱ्या फोनवरून हिल्डाने विनायकचा नंबर लावला. बंद. दुकानाचा लावला. वाजत राहिला.

'ते विसरणारे नाहीत,' ती म्हणाली. 'शेवटचे कधी दिसले तुम्हाला?'

'मला? मी कशाला बघायला जाते त्याला.'

'आता जा.'

'मी त्या दुकानाची पायरी चढणार नाही असं आई होती तेव्हा तिच्यासमोर सांगून निघालेय.'

'बरं. पत्ता द्या. मी जाते.'

हिल्डाने पत्ता लिहायला वही पुढे ओढली. निमिष काचेपलीकडून बघत होता. मग शैला म्हणाली, 'तुम्ही कशाला. मी बघते,' आणि फोन ठेवला गेला.

पुढचं आम्हाला तुकड्यातुकड्याने कळलं. मुलुंडच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या शिंप्याने शैलाला ओळखलं नाही. तो म्हणाला, महिना होत आला, शेठ दुकानातच पडले होते, आम्ही उचलून हॉस्पिटलात नेलं, नातेवाईक कोणी आहे का विचारलं तर मान हलवली, नाही म्हणून. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू गेलेली, जीभ जड. सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात तो आडवा होता. शिंपी आणि त्याची बायको आलटून पालटून डबा नेत होते. फोन उशीखाली, चार्जिंग संपून मेलेला.

शैलाचा फोन आला तेव्हा जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. 'मी त्याच्याजवळ आहे,' ती म्हणाली. मागे वॉर्डाचा आवाज होता, भांड्यांचा, कुणाच्या तरी खोकल्याचा. 'तो सारखं काहीतरी म्हणतोय. मला वाटलं पाणी मागतोय. पाणी नकोय. भाता म्हणतोय.'

हिल्डाने डोळे मिटले आणि उघडले. 'त्यांना सांगा, मुदत गेली तरी अजून नाव दुसऱ्या कुणी घेतलेलं नाही. थोडे दिवस कंपनी वाट बघते. आत्ता भरलं तर परत मिळेल. ते ऐकतायत ना? मला त्यांच्या कानाशी धरा.' मग मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत, 'सर, हिल्डा बोलते.'

पलीकडून एक आवाज आला. शब्द नव्हता तो.

मग सुरू झालं. शैलाने नर्सकडून चार्जर मागून विनायकचा फोन चालू केला. कंपनीची साइट उघडली. तिथे पासवर्ड हवा होता. शैला म्हणाली, तो एकेक अक्षर ओठांनी सांगेल, मी तुम्हाला सांगते, तुम्ही लिहून घ्या.

'नाही,' हिल्डा म्हणाली. 'मला सांगायचा नाही. तुम्हीही बघायचा नाही. त्यांच्या डाव्या हातात फोन द्या.'

'त्याला धरताही येत नाहीये हो.'

'तुम्ही फोन धरा. बोट त्यांचं. तोंड फिरवून धरा.'

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. हिल्डा हेडफोन लावून ताठ बसली होती. तिचे दुसरे कॉल मी घेतले. निमिष दोनदा येऊन उभा राहिला, दोन्ही वेळा तिने त्याच्याकडे न बघता तळहात उभा केला. अधूनमधून हेडफोनमधून शैलाचा आवाज बाहेर ऐकू यायचा. 'चुकलं. पुन्हा.' मग बराच वेळ काही नाही. मग, 'दादा, सावकाश. घाई नाहीये.' दादा हा शब्द आम्ही तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आजवर ती त्याला नुसतं 'तो' म्हणायची.

शेवटी पासवर्ड लागला. पुढचं सोपं होतं. पैसे शैलाने तिच्या फोनवरून भरले, मेसेज विनायकच्या फोनवर आला. हिल्डा म्हणाली, 'झालं. आता हात लावायचा नाही. उद्यापर्यंत दोन्ही दिसतील.' मग ती थांबली. शैलाने फोन ठेवला नव्हता. बाजूला ठेवून दिला असावा. वॉर्डाचा आवाज येत राहिला. हिल्डा ऐकत बसली. मी विचारलं, 'काय चाललंय?' तिने बोट ओठावर ठेवलं. बऱ्याच वेळाने खट झालं, तेव्हा तिने हेडफोन काढला आणि बाथरूममध्ये जाऊन आली. आल्यावर चष्मा पुसलेला होता, तोंड धुतलेलं होतं. 'डबा राहिला माझा,' म्हणाली.

त्यांचं सगळं गोड झालं असं नाही. विनायक काठी घेऊन चालायला लागला. शैला आठवड्यातून दोनदा मुलुंडला जाऊन दुकानात बसून भाते करायला लागली, आणि तिथे दोघांची रोज नवी भांडणं होतात असं तिनेच फोनवर सांगितलं. विनायकचं बोलणं पूर्ण परतलं नाही. पण नूतनीकरणाच्या आधी त्याचा फोन आला. शब्द कळत नव्हते. हिल्डाने त्याला पूर्ण बोलू दिलं आणि म्हणाली, 'हो सर. कळलं.' शैला एकदा ऑफिसात भेटायलाही आली होती, हिल्डासाठी खोबऱ्याच्या वड्या घेऊन. नेमकी त्या दिवशी हिल्डा गोराईला होती, बहिणीची तब्येत बिघडली म्हणून. वड्या आम्ही तिच्या टेबलावर ठेवल्या. त्या दोघींनी एकमेकींना कधीच पाहिलं नाही.

मग कंपनीत नवीन सोय आली. गिऱ्हाईकाने एक बटण दाबायचं, परवानगी द्यायची, की ती ओळ आपोआप भरली जाते. अक्षरं सांगायची गरज नाही, फोनची तर नाहीच. मदतीचं पान मीच लिहिलं. चार वाक्यांत संपलं. निमिषने हिल्डाला दुसरं काम देऊ केलं, तक्रारींना ठरलेली उत्तरं पाठवायचं. तिने एक आठवडा ते केलं. त्या उत्तरांच्या सुरुवातीला 'प्रिय ग्राहक' असायचं. ती प्रत्येक वेळी ते खोडून माणसाचं नाव घालायची, त्यामुळे काम मागे पडायचं. आठवड्याच्या शेवटी तिने निमिषला सांगितलं की मी नोकरी सोडते. केक आणू का म्हणून पोरांनी विचारलं, तर म्हणाली, 'माझा वाढदिवस आहे का?' आणि पर्स उचलून गेली. टेबलाच्या खणात काही ठेवलं नव्हतं तिने.

त्यानंतर मला ती एकदाच दिसली. भाचीला समुद्र दाखवायला मी गोराईला निघाले होते. बोरीवलीच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे होडी जाते, तिच्यात माणसांबरोबर दुचाकीही चढवतात. आम्ही बसलो आणि पाहिलं, तर होडीच्या पुढच्या टोकाला हिल्डा, एका नव्याकोऱ्या स्कूटरचं हँडल दोन्ही हातांनी धरून उभी. डोक्यावर हेल्मेट, त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट.

मी जवळ गेले. 'हिल्डा, तू? स्कूटर?'

'बहिणीला दिसत नाही आता,' ती म्हणाली. 'तिथेच राहते मी. डॉक्टर, बाजार, सगळं लांब. शिकले.'

'लायसन?'

'दुसऱ्या वेळेला मिळालं.'

होडीवाला म्हणाला, 'अहो, हेल्मेट काढा, पाण्यावर आहात.'

'राहू दे,' ती म्हणाली.

मी ऑफिसबद्दल काही सांगायला लागले. ती ऐकत होती, पण नजर पलीकडच्या काठावर होती. तिथे धक्क्याचा उतार होता, शेवाळाने हिरवा पडलेला, आणि स्कूटर त्यावरून वर न्यायची होती. होडी टेकली. दोघा माणसांनी तिची स्कूटर उचलून उतारावर ठेवली. एकाने विचारलं, 'बाई, मी वर नेऊन देऊ?' तिने मान हलवली आणि ती बसली. भाचीला म्हणाली, 'नाव काय तुझं?' भाचीने सांगितलं. 'मीरा, बाजूला उभी राहा.'

स्कूटर सुरू झाली. हिल्डाचे दोन्ही पाय जमिनीवर होते, दोन्ही बाजूंनी सिमेंटवर घासत, गाडी जरा डावीकडे जरा उजवीकडे डुलत. उतारावरचे लोक बाजूला झाले. कोणीतरी 'सांभाळून' म्हणालं. उतार संपला, वर सपाट रस्ता लागला, तरी बरंच अंतर ती तशीच पाय घासत गेली. मग तिने आधी एक आणि मग दुसरा, असे दोन्ही पाय वर घेतले.